आधी निदान, मग पान्हा

क्लच आणि गिअरबॉक्सवर मी आजवर जेवढा पैसा घातला, त्यातला मोठा वाटा बिघाडानं खाल्ला नाही, माझ्या चुकीच्या निदानानं खाल्ला. लक्षणं दर वेळी समोर होती. ती ओळीनं लावून बघण्याऐवजी मी आधी निकाल देऊन मोकळा व्हायचो आणि मग त्या निकालाला जुळेल तेवढंच बघायचो. जुनी पिकअप बाळगणाऱ्या माझ्यासारख्या माणसांच्या उपयोगी पडावं म्हणून त्या चुका जशा झाल्या तशा लिहितो आहे.

आमचं करमाड संभाजीनगर-जालना रस्त्यावर. एका अंगाला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि ऑरिक औद्योगिक शहराचे रुंद रस्ते, दुसऱ्या अंगाला मोसंबी, आलं, कापूस, मका. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं रेल्वे स्टेशन गावाला आहे, पण शेतकऱ्याच्या मालाला शेतातून उचलून थेट आडतीपर्यंत नेणारी गाडी लागते, आणि ती म्हणजे पिकअप. जाधववाडीचं मार्केट असो की जालन्याची मोसंबी, सगळं पिकअपच्या पाठीवर. मी घेतली ती जुनी, दुसऱ्याच्या हातची. डिझेल इंजिन, पाच गिअर, तेलावर चालणारा हायड्रॉलिक क्लच. काही भाडी मी मारायचो, लांबची भाडी ड्रायव्हर मारायचा.

पुढचं समजायला क्लचचं काम दोन ओळींत सांगतो. इंजिनाच्या मागं फ्लायव्हील फिरत असतं. त्याला प्रेशर प्लेट क्लच प्लेट घट्ट दाबून धरते, आणि त्या प्लेटच्या मधोमध गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट अडकलेला असतो. आपण पेडल दाबलं की वरचं मास्टर सिलिंडर तेल ढकलतं, खालचं स्लेव्ह सिलिंडर फोर्क हलवतं, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढं सारतो आणि प्रेशर प्लेटची पकड सुटते. म्हणजे क्लच दोनच प्रकारे बिघडतो: एक तर नीट पकडत नाही, नाहीतर नीट सोडत नाही. हे दोन आजार एकमेकांच्या उलट आहेत, पण ‘क्लच गेला’ या एकाच वाक्यात आपण दोन्ही कोंबतो. माझी सुरुवात तिथूनच चुकली.

पहिला त्रास सुरू झाला तो गिअर पडण्याचा. संभाजीनगरात सेव्हन हिलच्या सिग्नलला गाडी उभी, क्लच दाबलेला, आणि पहिला गिअर जाता जाईना. रिव्हर्स टाकायला गेलं की दात करकरायचे. पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की गिअर निमूट पडायचा. आमच्या एका नातेवाइकाच्या गाडीचा गिअरबॉक्स नुकताच खोलावा लागला होता आणि त्याचीही सुरुवात ‘गिअर पडत नाही’ अशीच झाली होती. माझ्या डोक्यात तेच बसलं. गॅरेजवर जाऊन मी मिस्त्रीला लक्षण सांगितलंच नाही, निदान सांगितलं: गिअरबॉक्स गेलाय, उतरवा. मालकच ठाम बोलतो आहे म्हटल्यावर त्यानं उतरवला.

आत सगळं ठीक होतं. गिअरचे दात शाबूत, बेअरिंग शाबूत. दोष सापडला तो केबिनमध्ये, पेडलच्या वर. मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी तेल पाझरत होतं आणि त्यानं खालच्या पत्र्याचा रंग फुगून पापुद्र्यांनी सुटला होता. क्लचमध्ये ब्रेक फ्लुइडच असतं आणि ते रंग खातं, हे मला माहीत होतं. क्लचच्या बाटलीत दर थोड्या दिवसांनी मी स्वतः तेल टाकत होतो, हेही मला माहीत होतं. बंद नळीतलं तेल कुठं जातंय, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नव्हता.

पेडल भराभर मारल्यावर गिअर पडतो, हीच खूण पुरेशी होती. हातपंपाचा वॉशर झिजला की दांडा हलतो पण पाणी वर चढत नाही, आणि जोरजोरात हापसलं तर थोडं येतं. मास्टर सिलिंडरच्या रबरी सीलचं तसंच आहे. दाब पुरता तयार होत नाही, क्लच अर्धवट सुटतो, इनपुट शाफ्ट फिरतच राहतो आणि फिरत्या गिअरवर दुसरा गिअर टाकायला गेलं की दात वाजतात. जुन्या बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून हा दोष सगळ्यांत आधी रिव्हर्समध्ये बोलतो. तपासायला एक पैसा लागत नाही. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघायचे. बंद गाडीत लोण्यासारखे पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर गिअरबॉक्सला हात लावायचा नाही. क्लच सोडत नाही म्हणून समजायचं. बंद गाडीतही अडत असतील तर दांड्याची जोडणी, केबल आणि त्यानंतर गिअरबॉक्स. सिलिंडरचं किट बदलून, निपलमधून हवा काढून गाडी नीट झाली. गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी आणि दोन दिवसांची बुडालेली भाडी फुकट गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण चुकीच्या निदानानं उघडलेल्या गिअरबॉक्सनं मागं आणखी दोन चुका सोडल्या.

त्यातली पहिली तेलाची. गिअरबॉक्स बंद करताना नवं गिअर ऑइल भरायचं होतं. घरी डिफरन्शियलसाठी आणलेल्या तेलाचा कॅन होता. त्यावर ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं, आणि गाडीच्या पुस्तकातही ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं. मी तो कॅन दिला. कॅनवर शेजारीच जीएल-५ लिहिलं होतं आणि पुस्तकात जीएल-४, तिकडे मी बघितलं नाही. आकडा जाडी सांगतो. जीएल सांगतो ते तेल कोणत्या कामासाठी आहे ते, आणि त्यातल्या रसायनांचं प्रमाण त्यावर ठरतं. डिफरन्शियलचे गिअर एकमेकांवर जबर दाबानं घसरत चालतात, म्हणून त्याच्या तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोच्या पितळी रिंगा असतात. गिअर टाकताना ती रिंग समोरच्या निमुळत्या भागावर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच दात बसू देते. तिचं सगळं काम घर्षणावर आहे. तेल गरजेपेक्षा जास्त निसरडं झालं की रिंगेची पकड कमी पडते आणि दात वेग जुळण्याआधीच भिडतात. शिवाय गंधकाची रसायनं कालांतरानं पितळालाही खातात. ही सिंक्रोची सोय मोटारीत पहिल्यांदा आली ती १९२८ मध्ये, कॅडिलॅकच्या गाड्यांत. त्याआधी ड्रायव्हरला डबल क्लच मारून वेग स्वतः जुळवावा लागायचा.

काही महिन्यांनी दुसरा गिअर टाकताना आवाज येऊ लागला. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरताना तर हमखास. मी ड्रायव्हरला म्हणालो, “गिअर आदळू नको, सावकाश टाकत जा.” तो म्हणाला, “सावकाशच टाकतो भाऊ. एकट्या दुसऱ्यालाच करकर करतीय, बाकीचे बघा की.” हे वाक्य म्हणजे अर्धं निदान होतं. क्लच सोडत नसेल तर सगळेच गिअर कुरकुरतात. एकाच गिअरला आवाज असेल तर दोष त्या गिअरच्या सिंक्रोत. मी ऐकून सोडून दिलं. माझ्या लेखी तो वाकड्या हाताचा पोरगा होता.

पोरगा आमच्याच शिवारातल्या वस्तीवरचा. विशी नुकतीच ओलांडलेला, गाडी धुऊनपुसून ठेवणारा. लांबची भाडी तोच मारायचा. एकदा चाळीसगावकडून परतीला केळी भरून आला आणि उतरल्या उतरल्या म्हणाला, “भाऊ, औट्रम घाटात गाडी नुसती गरजत होती, पळत नव्हती. मोकळी आसली की काही नाही. सकाळी बी बरी आसती. तापली अन् लोड आसला की मग.” वर असंही म्हणाला, “इंजिन ऑइल बी पितीय. काठी बघा.”

आज ती वाक्यं लिहिताना कळतं की कुठल्याही मिस्त्रीनं याहून चांगलं वर्णन केलं नसतं. इंजिन गरजतं आणि गाडी पळत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. मोकळ्या गाडीत नाही आणि भरलेल्या गाडीत होतो, कारण घसरण जोर लागतो तिथंच दिसते. गाडी थंड असताना कमी आणि तापल्यावर जास्त, त्यात इंजिन ऑइल कमी होतंय, म्हणजे ऑइल कुठूनतरी क्लचपर्यंत पोचतंय का ते बघायला हवं. सगळे धागे त्यानं माझ्या हातात दिले होते. मी त्यातून एवढंच काढलं की यानं घाटात अर्ध्या क्लचवर गाडी रेटली आणि प्लेट जाळली.

गिअरबॉक्स पुन्हा उतरला. काढलेली प्लेट मिस्त्रीनं माझ्या हातात दिली. लायनिंग काळं आणि काचेसारखं गुळगुळीत झालेलं, रिव्हेटपर्यंत अजून पुष्कळ जाडी शिल्लक. मधल्या भागापासून काठाकडे काळे ओघळ फेकल्यासारखे गेलेले. बोट फिरवलं तर बोट तेलकट झालं. जळका वास येत होता, आणि मी तो वासच तेवढा घेतला. झिजून संपलेली प्लेट आणि तेलानं बरबाद झालेली प्लेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पातळ होते, दुसरी जाड असूनही पकड सोडते. माझ्या हातात दुसरी होती. क्रँकच्या मागच्या बाजूचं ऑइल सील गळत होतं, फ्लायव्हील ते तेल प्लेटवर फेकत होतं, आणि गिअरबॉक्स पहिल्यांदा विनाकारण उतरवला तेव्हाही ते सील समोर उघडं होतं. काही शे रुपयांची वस्तू. तेव्हाही पाहिली नाही, आताही पाहिली नाही. माझ्या मते गुन्हेगार सापडलेला होता, पुरावा हातात होता, मग आणखी कशाला शोधायचं.

नवी प्लेट, नवी प्रेशर प्लेट टाकली. खर्चातला निम्मा वाटा मी पोराच्या पगारातून कापला. पिकअपच्या स्टँडवर चार जणांसमोर बोललोही, की यानं माझी क्लच प्लेट जाळली. तो काही बोलला नाही. महिना भरला आणि त्यानं काम सोडलं.

त्यानंतर गाडी मीच चालवू लागलो. मे महिना, आल्याच्या लागवडीचे दिवस. बेण्याच्या गोण्या भरून सिल्लोडकडे निघालो होतो. गोण्या भरताना पासिंगच्या वजनाचा विचार केला नव्हता, तो कधीच करत नव्हतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. मी दंडाला भ्यायचो, पण रोज हप्त्याहप्त्यानं क्लचकडून वसूल होणारा दंड माझ्या हिशेबात नव्हता. चौक्याच्या घाटात चढ लागला आणि तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन गरजू लागलं. काटा वर, गाडी आहे तिथंच. ॲक्सिलरेटर दाबावा तसा आवाज वाढे, वेग वाढेना. मागोमाग तोच जळका वास. प्लेट नवी होती. अर्ध्या क्लचवर मी गाडी रेटली नव्हती. पोरानं सांगितलेला शब्द न् शब्द माझ्यासमोर घडत होता.

गाडी बाजूला घेतली. तेव्हा प्लेटपेक्षा त्याच्या पगारातून कापलेले पैसेच जास्त आठवले.

कशीबशी गाडी गावी आणली आणि या वेळी चिकलठाण्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी बोलायला सुरुवात केली, “चाचा, क्लच प्लेट...” त्यांनी हात वर करून थांबवलं. “भाऊ, प्लेटचं नंतर. होतंय काय ते सांगा. कधी होतंय, कशानं वाढतंय?” मी सांगत गेलो आणि सांगताना मलाच जाणवलं, की मी पोराची वाक्यं जशीच्या तशी म्हणतो आहे.

चाचांनी पान्हा हातात घेतलाच नाही. मोकळ्या जागेत गाडी लावली, समोर कोणी नाही हे पाहिलं, हँडब्रेक पुरा ओढला, वरचा गिअर टाकला आणि इंजिन जरा वर ठेवून क्लच सावकाश सोडायला लावला. क्लच धड असेल तर इंजिन लगेच गचका खाऊन बंद पडतं. आमचं चालूच राहिलं. “बस्स, पुन्हा करू नका, एवढ्यानंबी प्लेट तापते,” म्हणाले. मग गाडीखाली सरपटत गेले. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी, बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून काळा थेंब लोंबत होता. तो त्यांनी बोटावर घेतला, चोळला आणि माझ्या नाकापुढं धरला. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, तो लपत नाही. हे डिझेल इंजिनाचं काळं ऑइल होतं, तो वास त्याला नव्हता. एका थेंबानं ठरलं की गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची नाही, क्रँकच्या मागच्या सीलची आहे.

मी म्हणालो, “मग सील टाकू, प्लेट टाकू.” चाचा म्हणाले, “टाकू. पण सील का फाटलं?” त्यांनी इंजिनाच्या ब्रीदरचा पाइप काढला. आत काजळी आणि घट्ट तेलाचा गाळ, फुंकर आरपार जात नव्हती. जुन्या डिझेल इंजिनात रिंगांतून थोडा गॅस खाली निसटतोच. त्याला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही, तर इंजिनाच्या पोटात दाब वाढतो आणि तो कमजोर सीलमधून तेल बाहेर रेटतो. नुसतं सील बदललं असतं, तर तेही काही दिवसांत गळलं असतं, आणि तिसरी प्लेट गेली असती.

माझा पुतण्या शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला आहे. हा प्रकार त्याला सांगितला तेव्हा तो म्हणाला, “काका, आमच्याकडं भाग खराब निघाला की पाच वेळा ‘का’ विचारतात. त्याशिवाय नवा भाग लावू देत नाहीत.” ही रीत जपानच्या टोयोटा कंपनीत तैइची ओनो यांनी रुजवली आणि तिथून जगभरच्या कारखान्यांत गेली. संभाजीनगरच्या परिसरात हे शिकलेली हजारो माणसं आहेत. १९८५ मध्ये वाळूजला बजाज आलं, २००१ मध्ये शेंद्र्याला श्कोडा आली, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग बनवणारे शेकडो कारखाने उभे राहिले. सकाळच्या शिफ्टच्या बसेस माझ्या घरासमोरून जातात. त्या बसमधल्या कुठल्याही पोरानं मला हा एक प्रश्न शिकवला असता. मी कागद घेऊन बसलो आणि तो प्रश्न पाच वेळा लिहून काढला.

गाडी चढाला पळत नव्हती, का? क्लच घसरत होता. का? प्लेटवर तेल होतं. का? क्रँकचं सील गळत होतं. का? इंजिनात दाब कोंडला होता. का? ब्रीदर चोंदला होता, आणि तो साफ करून घेणं हे मालकाचं काम होतं. पाच ओळींत ड्रायव्हरचा पाय कुठंच येत नव्हता. बाजूला सहावी ओळ लिहायची तर तीही माझीच होती: पकड कमी झालेल्या क्लचवर पासिंगपेक्षा जास्त माल चढवायला मीच सांगत होतो.

चाचांनी ब्रीदर साफ केला, सील बदललं, निळे डाग पडलेलं फ्लायव्हील लेथवर मारून आणलं, नवी प्लेट टाकली. गिअरबॉक्सचं तेल काढलं तेव्हा त्यांनी मला थांबवून ट्रे उन्हात धरायला लावला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असणं साहजिक आहे. पोलादाची कपची दिसली तर घाबरायचं. पण पितळ चुंबकाला चिकटत नाही. उन्हात तेल हलवलं की ते सोनेरी चमचमतं, आणि आमच्या ट्रेमध्ये ते दिसत होतं. सिंक्रोच्या रिंगांचं पितळ. जीएल-४ तेल भरल्यावर दुसऱ्या गिअरची करकर पुष्कळ कमी झाली, पुरती गेली नाही. झिजलेली रिंग चांगल्या तेलानं भरून येत नाही. आजही उतरताना मी दुसऱ्याला डबल क्लच मारतो.

ट्रायलला चाचा शेजारी बसले होते. थोडं अंतर गेल्यावर त्यांचं लक्ष रस्त्यावर नव्हतं, माझ्या पायाकडं होतं. “क्लचवरचा पाय खाली घ्या भाऊ. अन् गिअरच्या दांड्यावरचा हातबी.” माझा डावा पाय गाडी चालताना पेडलवर टेकलेला असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या हलक्या भारानं रिलीज बेअरिंग सतत घासत राहतं आणि पकड सैल होते. दांड्यावर टाकलेल्या हाताचा भार आतल्या सिलेक्टर फोर्कवर जातो आणि तो झिजला की गिअर उडायला लागतो. ज्या सवयीचा आळ मी दुसऱ्यावर घेतला, ती सवय माझी होती.

तेव्हापासून गाडीत काही वाजलं की मी गॅरेजला जाण्याआधी चार जोड्या तपासतो. इंजिन बंद आणि चालू: गिअर दोन्ही वेळी अडतो की एकाच वेळी? एक गिअर आणि सगळे गिअर: एकालाच त्रास तर सिंक्रो, सगळ्यांना तर क्लच. मोकळी गाडी आणि भरलेली गाडी: घसरण भरल्यावर कळते. पाय वर आणि पाय खाली: न्यूट्रलला इंजिन चालू ठेवून आवाज ऐकायचा. क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्टचं बेअरिंग, कारण दाबल्यावर तो शाफ्ट फिरायचा थांबतो. आणि गाडी उचलताना एकदाच टक् वाजून थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या नावानं बोटं मोडण्याआधी खाली जाऊन प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हातानं हलवून बघायचे.

मागच्या पावसाळ्यात घोंगावल्यासारखा आवाज आला. पाय काढला की चालू, दाबला की बंद. चाचांकडं गेलो आणि फक्त तेवढंच सांगितलं. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर गिअरबॉक्सला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि मान हलवली. गिअरबॉक्स उतरवावाच लागला, पण या वेळी तो उतरवण्याचं कारण आम्हाला आधीपासून माहीत होतं. उतरवलाच आहे तर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग आणि दोन्हीकडची सीलं बदलून घेतली. त्या खर्चाचं मला वाईट वाटलं नाही.

पोराच्या घरी जायला मी उशीर केला. ब्रीदर निघाला त्या दिवशीच जायला हवं होतं. लाज वाटत होती म्हणून टाळत राहिलो, आणि हीही चूकच. तो आता शेंद्र्यात एका कंपनीच्या गाडीवर आहे. कापलेले पैसे त्याच्यापुढं ठेवले, सील आणि ब्रीदरचं सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणालो. त्याच्या आईनं चहा केला. पैसे त्यानं मोजले नाहीत, बाजूला ठेवले. मग म्हणाला, “पैशाचं राहू द्या भाऊ. पण तुम्ही स्टँडवर चार जणांत म्हणले व्हते. दोन जागी काम मागाय गेलो तर तेच इचारलं, क्लच जाळणारा तूच का म्हणून. तेवढं बी चार जणांतच सांगा.”

ड्रायव्हरची अब्रू त्याच्या हातापायात असते. मालकानं रागात टाकलेला एक शब्द त्याच्या मागं नव्या मालकाच्या दारापर्यंत जातो, आणि प्लेटसारखा तो बदलून मिळत नाही. मी स्टँडवर गेलो आणि होते तेवढ्यांना बोलावून सांगितलं. पण ऐकलेले सगळे त्या दिवशी तिथं नव्हते, आणि ऐकून पुढं सांगितलेले तर मला ठाऊकही नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचावं म्हणून हे लिहून ठेवतो आहे. ती प्लेट त्यानं जाळली नव्हती. त्यानं आजार बरोबर सांगितला होता. निदान मी चुकवलं होतं.